गळपट्टा, कुत्र्याचा

पाळीव कुत्र्याच्या गळ्यात घालायचा चामड्याचा, नायलॉनचा किंवा धातूचा पट्टा. फिरवताना दोरी अडकवायला, मालकाच्या फोन नंबरचा बिल्ला लावायला आणि प्रशिक्षणासाठी तो वापरतात. प्रशिक्षणाच्या नावाखाली विकले जाणारे काही प्रकार कुत्र्याला इजा करतात.

रोजच्या वापराला बक्कलचा रुंद, सपाट पट्टा पुरतो. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. अगदी लहान जातींत एक. जास्त सैल पट्टा डोक्यावरून निसटतो किंवा खालच्या जबड्यात अडकतो. पिल्लाची मान भराभर वाढते, म्हणून माप दर आठवड्याला बघावे. पिल्लूपणी बांधून तसाच राहिलेला पट्टा कातडीत रुततो, त्यावर मांस चढते आणि शेवटी भूल देऊन तो कापून काढावा लागतो. सोडून दिलेल्या कुत्र्यांत अशा जखमा आढळतात.

कारवान, मुधोळ हाउंड, ग्रेहाउंड यांचे डोके निमुळते असते. मागे रेटा दिला की साधा पट्टा निघून येतो. त्यांच्यासाठी मार्टिंगेल चांगला. त्यात मोठ्या फाशाला छोटा फासा जोडलेला असतो आणि ताण आल्यावर पट्टा ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. चोक चेनला, म्हणजे ओढली की आवळत जाणाऱ्या धातूच्या साखळीला, अशी मर्यादा नसते. ती घालून कुत्र्याला बांधून ठेवले, तर गळफास बसू शकतो. हिमालयातले मेंढपाळ बिबट्यापासून रक्षणासाठी कुत्र्यांना बाहेर खिळे असलेले पट्टे घालतात. प्रशिक्षणाच्या काटेरी पट्ट्याचे दाते मात्र आत, कुत्र्याच्याच मानेकडे वळलेले असतात.

रिमोटने विजेचा झटका देणारी शॉक कॉलर वापरूच नये. दुखण्याचा संबंध कुत्रा स्वतःच्या चुकीशी जोडेलच असे नाही. मुलाकडे बघून भुंकताना झटका बसला, तर मूल दिसले की दुखते, एवढेच तो शिकू शकतो आणि पुढे अंगावर धावतो. वेल्समध्ये २०१० पासून या कॉलरवर बंदी आहे. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या कलम ११नुसार प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

पग, पॉमेरेनियन, तसेच श्वासनलिकेचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्या कुत्र्यांची दोरी पट्ट्याऐवजी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, लावावी. मानेवर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो.

दोरी ओढण्याची सवय मोडायला साधा पट्टा किंवा हार्नेस पुरतो. दोरी ताठ झाली की जागीच थांबायचे, ती सैल पडली की लगेच शाबासकी आणि खाऊ देऊन चालू लागायचे. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळला, तर कुत्रा लवकर शिकतो. एकाने जरी ओढू दिले, तरी त्याचा गोंधळ होतो.

दोन कुत्रे मस्ती करताना एकाचा दात दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकून दोघेही घाबरतात, गळाही आवळतो. त्यामुळे घरात खेळताना आणि पिंजऱ्यात ठेवताना पट्टा काढावा. पावसाळ्यात ओल्या पट्ट्याखाली केस झडून चट्टे पडतात. फिरून आल्यावर पट्टा वाळत घालावा, मान कोरडी पुसावी आणि केस उलटे करून गोचीड आहेत का ते पाहावे.