शुक्राणू आणि स्त्रीबीज यांची गाठ पडते कशी?

उंदरांचे नर-मादी रात्री एका पिंजऱ्यात ठेवले की दुसऱ्या दिवशी सकाळी मादीला शेपटीने अलगद उचलून एकच गोष्ट पाहिली जाते: तिच्या योनिमार्गात पिवळसर पांढरे, मेणासारखे घट्ट बूच बसले आहे का. नराच्या वीर्यातील स्राव गोठून हे बूच तयार होते, त्यामुळे ते दिसले की रात्री समागम झाला होता हे नक्की. पुढे साधारण वीस दिवस वाट पाहायची. पिल्ले झाली तर मोजायची, नाही झाली तर खरी चौकशी सुरू करायची. जपानमधील ओसाका विद्यापीठातील मासाहितो इकावा हे संशोधक अनेक वर्षे याच हिशेबाच्या आधारे एका जुन्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत. शुक्राणू स्त्रीबीजापर्यंत पोहोचून त्याच्याशी एकजीव होतो, त्यासाठी नेमकी कोणती जनुके लागतात, हा तो प्रश्न. रेणवीय अनुवंशशास्त्र आणि प्रजननशास्त्र यांची सांगड घालणारी त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे: एक जनुक निकामी करायचे आणि त्या नराला पिल्ले होतात की नाही ते पाहायचे.

या सोप्या पद्धतीने पाठ्यपुस्तकांतील बऱ्याच ठाम विधानांना सुरुंग लावला. स्त्रीबीजाभोवती प्रथिनांचे एक जाड पारदर्शक आवरण असते. शुक्राणूच्या डोक्यावर ॲक्रोसोम नावाची टोपीसारखी पिशवी असते आणि तिच्यात ॲक्रोसिन हे विकर भरलेले असते. हे विकर आवरण विरघळवून शुक्राणूला वाट करून देते, असे अनेक दशके शिकवले जात होते. युक्तिवाद इतका चोख होता की त्यावर शंका घेण्याचे कारणच दिसत नव्हते. मात्र 1994 मध्ये जपानमधीलच तादाशी बाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्रोसिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्या नरांना पिल्ले झाली. परीक्षानळीत विकराचे काम सिद्ध होणे आणि सजीवाच्या शरीरात त्यावाचून अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिल्लांनी दाखवून दिले. या कथेला पुढे एक मजेदार वळण मिळाले. 2020 मध्ये हॅमस्टरवर हाच प्रयोग झाला, तेव्हा ॲक्रोसिन नसलेले शुक्राणू आवरणापाशीच अडकून पडले. थोडक्यात, उंदराचा निकाल सर्व सस्तन प्राण्यांना सरसकट लावता येत नाही.

ॲक्रोसोमचे हे नाट्य डोळ्यांनी पाहता यावे म्हणून जपानी संशोधकांनी एक सुंदर साधन तयार केले. जेलीफिशपासून मिळालेले हिरवे चमकणारे प्रथिन उंदराच्या शुक्राणूच्या ॲक्रोसोममध्ये आणि लाल चमकणारे प्रथिन त्याच्या मधल्या भागातील तंतुकणिकांमध्ये बसवले. सूक्ष्मदर्शकाखाली अशा शुक्राणूचे डोके हिरवे आणि मान लाल दिसते. ॲक्रोसोम फुटला की हिरवा रंग विझतो, लाल तेवढा धावत राहतो. ॲक्रोसोम आवरणाला टेकल्यावरच फुटतो, अशी समजूत होती. पण या चमकत्या शुक्राणूंचे चित्रण केल्यावर 2011 मध्ये दिसले ते असे, की फलन घडवून आणणाऱ्या बहुतेक शुक्राणूंचा हिरवा रंग आवरणाला स्पर्श होण्यापूर्वीच विझलेला असतो.

आवरण ओलांडल्यानंतरचा टप्पा सर्वांत गूढ होता. दोन पेशींची पटले एकमेकांना चिकटून एक व्हायची, तर दोन्ही बाजूंना काहीतरी पकड हवी. ओसाका विद्यापीठातील मासारू ओकाबे यांच्या गटाकडे 1980 च्या दशकापासून एक प्रतिपिंड होते, ज्याच्या उपस्थितीत उंदराचे शुक्राणू स्त्रीबीजाशी एकरूप होऊ शकत नसत. ते प्रतिपिंड नेमक्या कोणत्या प्रथिनाला धरून बसते, याचा उलगडा नाओकाझू इनोउए, इकावा आणि ओकाबे यांनी 2005 मध्ये केला. त्या प्रथिनाला त्यांनी इझुमो हे नाव दिले. जपानच्या शिमाने प्रांतातील इझुमोचे देवस्थान लग्नगाठी जुळवण्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून हे नाव. शास्त्रज्ञांच्या नामकरणात इतका रसिकपणा क्वचितच आढळतो.

इझुमोचे जनुक काढलेले नर धडधाकट होते, त्यांचा समागम व्यवस्थित होत होता, शुक्राणूंचा आकार आणि हालचाल यांतही काही खोट नव्हती. ते शुक्राणू आवरण भेदून आत शिरत आणि स्त्रीबीजाच्या पटलालगतच्या अरुंद पोकळीत घोटाळत राहत. आत एकही जात नसे. तेच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडले की मात्र गर्भ तयार होई. म्हणजे बिघाड होता तो केवळ गाठ पडण्यात. आपल्याकडे मूल होत नाही म्हटले की पहिली बोटे सुनेकडे वळतात आणि मुलाचा वीर्यतपासणीचा अहवाल ‘नॉर्मल’ आला की विषयच संपतो. त्या घरांनी हा प्रयोग जरूर वाचावा, कारण संख्या, आकार आणि गती मोजणाऱ्या तपासणीत हे उंदीर विनासायास उत्तीर्ण झाले असते.

स्त्रीबीजाच्या बाजूची जोडीदारीण सापडायला आणखी नऊ वर्षे लागली. इंग्लंडमधील सँगर संस्थेत एनरिका बियांकी, गॅव्हिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ती शोधली आणि विवाहाच्या रोमन देवतेवरून तिला जुनो म्हटले. हे प्रथिन पूर्वी फॉलेट या ब-जीवनसत्त्वाचा ग्राही, म्हणजे त्याला धरणारे प्रथिन, समजले जात होते, पण ते फॉलेटला मुळी धरतच नाही. जुनो नसलेल्या माद्यांनाही पिल्ले होत नाहीत. एक शुक्राणू आत गेल्यावर स्त्रीबीज अर्ध्या-पाऊण तासात आपल्या पृष्ठभागावरील जुनो झटकून टाकते; दुसऱ्या शुक्राणूला दार बंद करण्याचा हा एक उपाय असावा. तरीही कोडे सुटले नव्हते. दोन साध्या पेशींपैकी एकीवर इझुमो आणि दुसरीवर जुनो बसवले तर त्या पेशी एकमेकींना चिकटतात, पण एकजीव होत नाहीत.

मग इतर कोण लागते? क्रिस्पर हे जनुककर्तनाचे तंत्र आल्यानंतर इकावांच्या प्रयोगशाळेचा वेग वाढला. एक जनुक काढलेला उंदीर तयार करायला पूर्वी वर्षभराहून अधिक काळ लागे, तो आता काही आठवड्यांत तयार होऊ लागला. टेक्सासमधील मार्टिन मॅटझुक यांच्या सहकार्याने केलेल्या 2016 च्या शोधनिबंधाचा निष्कर्ष मला या सगळ्या प्रवासात सर्वाधिक आवडतो: मुख्यतः वृषणात कार्यरत असलेली, माणसातही आढळणारी 54 जनुके एकेक करून काढली आणि नरांची प्रजननक्षमता अबाधित राहिली. नकारार्थी निकाल छापण्याची हिंमत विज्ञानात कमी दिसते. या यादीमुळे जगभरातील किती प्रयोगशाळांची वर्षे वाचली असतील!

जी जनुके खरोखर आवश्यक ठरतात, त्यांचे व्यावहारिक मोल वेगळे आहे. फक्त शुक्राणूत असणारे प्रथिन तात्पुरते थांबवता आले, तर उरलेल्या शरीराला धक्का न लावता पुरुषांसाठी गर्भनिरोधक मिळू शकेल. 2015 मध्ये इकावांच्या गटाने शुक्राणूतील कॅल्सिन्युरिन या विकराचा विशिष्ट प्रकार तपासला. तो नसेल तर शुक्राणूच्या शेपटीचा मधला भाग ताठर राहतो आणि आवरण भेदण्याइतका जोर त्याला मिळत नाही. कॅल्सिन्युरिन रोखणारी औषधे नर उंदरांना दिल्यावर ते वंध्य झाले आणि औषध बंद केल्यावर पूर्ववत झाले. ही औषधे अवयवरोपण झालेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, त्यामुळे ती जशीच्या तशी निरोगी पुरुषांना देता येणार नाहीत. केवळ शुक्राणूतील प्रकार रोखणारा रेणू शोधावा लागेल.

एकजीव होण्याच्या टप्प्यावर 2020 पर्यंत शुक्राणूवरील आणखी काही प्रथिने अत्यावश्यक ठरली. स्पाका-6 हे त्यांपैकीच एक. 2024 मध्ये व्हिएन्नातील आंद्रेआ पाउली यांच्या गटाने, इकावांच्या प्रयोगशाळेसह, प्रथिनांच्या रचनांचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड प्रणालीची मदत घेतली. तिने दाखवले की इझुमो, स्पाका-6 आणि टीएमईएम-81 ही तीन प्रथिने शुक्राणूवर एकत्र येऊन एक संच बनवतात. ही त्रयी झेब्राफिश या माशातही आहे. माशाच्या स्त्रीबीजावर मात्र जुनो नाही. तिथे तिच्याशी नाते नसलेले बाउन्सर नावाचे प्रथिन त्या त्रयीला धरते.