दोन उकुलेले, दोन्हींवर पाटी 'महोगनी'

उकुलेले म्हणजे गिटारसारखं, चार तारांचं छोटं हवाईयन वाद्य. "कोआ (हवाईतलं एक लाकूड) घेऊ की महोगनी?" असं ते घेताना कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "महोगनी म्हणजे कुठली?" समोरच्याला वाटतं मी झाडाच्या पोटजातीत शिरतोय. तसं नसतं. दुकानात 'महोगनी' अशी चिठ्ठी लावलेले दोन उकुलेले शेजारी टांगलेले असतात. रंग तोच तांबूस, माप तेच, फक्त एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. विक्रेता सांगतो, "ब्रँडचा फरक आहे." ब्रँडचा नाही हो, लाकडाच्या बांधणीचा आहे. पण ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

त्याआधी एक कुरकुर. मी 'उकुलेले' लिहितोय, 'युकुलेले' नाही. हवाईत 'उ'नेच म्हणतात: उकू म्हणजे पिसू, लेले म्हणजे उडी (लेले आडनावाच्या मंडळींनी राग मानू नये). आपल्या लिपीत चांगला धडधाकट 'उ' असताना इंग्रजांचा 'यु' कशाला उसना घ्यायचा?

गिटार तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. तार घोडीला (जिच्यावर तारा टेकतात त्या पट्टीला) हलवते, घोडी वरच्या फळीला म्हणजे तबलीला, आणि तबली हवेला. उकुलेलेतही तेच होतं, पण इथे नायलॉनसारख्या चारच तारा असतात आणि त्यांचा ताणही बेताचा. एवढ्याशा जोरात हलायचं तर तबली हलकीच हवी. गिटार जरा जड बांधली तरी निभावून नेते. उकुलेले नाही नेत.

मार्टिन या जुन्या अमेरिकन गिटार कंपनीला हे अनुभवाने कळलं. १९०७ च्या सुमारास त्यांनी पहिले काही उकुलेले केले ते गिटारच्या हिशोबाने: स्प्रूसची (गिटारच्या तबलीला नेहमी वापरतात त्या लाकडाची) तबली आणि आतून भरपूर आधारपट्ट्या. आवाज दबलेला निघाला. पुढे १९१६ च्या आसपास महोगनीचे, हलक्या बांधणीचे उकुलेले काढले आणि ते धडाधड खपले. ही गोष्ट सांगून लोक शेवटी म्हणतात, "बघा, उकुलेलेला स्प्रूस चालत नाही." अहो, बदललं होतं ते वजन! आज स्प्रूसच्या तबलीचे उत्तम उकुलेले मिळतात, कारण ती तबली आता उकुलेलेसाठी तासलेली असते.

आता त्या दोन महोगनींकडे वळू. एकीची तबली म्हणजे अखंड लाकडाच्या दोन पातळ फळ्या मधोमध जोडलेल्या, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. दुसरीची तबली म्हणजे प्लाय. वर दिसतो तो महोगनीचा पापुद्रा, त्याखाली आडव्या रेषांचा दुसरा थर, आत तिसरा, मध्ये डिंक. कपाटाच्या दाराला सागाचं व्हीनियर लावून सुतार 'सागाचं दार' म्हणतो, तितकीच ही महोगनी.

लाकूड रेषांच्या दिशेने ताठ असतं आणि आडव्या दिशेने बरंच लवचिक. तबलीला ही विषमता मानवते. लांबीच्या दिशेने ती तारांचा ओढा सोसते, रुंदीच्या दिशेने मोकळी हलते. प्लायमध्ये मधला थर आडवा घातला की ती आडवी मोकळीक आवळली जाते. वर डिंकाचं वजन. शिवाय स्वस्त प्लाय बहुधा जाडच ठेवतात, म्हणजे वाद्य आपटलं तरी तक्रार येत नाही. म्हणून नावाने महोगनी असलेल्या त्या दुसऱ्या वाद्यात महोगनीचा आवाज शोधणं व्यर्थ. तिथे ऐकू येते ती बांधणी. त्याच प्लायवर कोआचा पापुद्रा चिकटवला तर दिसायला कोआ होईल, वाजेल तसंच.

पण इथेच लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि 'सॉलिड' (म्हणजे अखंड लाकडाचं) या शब्दाची पूजा सुरू होते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २ मिलिमीटरची फळी २.५ केली की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. अर्ध्या मिलिमीटरचा हा हिशोब कोआ-महोगनीच्या वादाला सहज गिळून टाकतो. त्यामुळे अखंड लाकडाची पण जाडजूड, पट्ट्यांनी आवळलेली तबली पातळ, नीट केलेल्या प्लायपुढे मुकी वाटू शकते. माझ्याकडे असं एक सॉलिड वाद्य आहे. भिंतीवर शोभतं.

'सॉलिड टॉप' आणि 'ऑल सॉलिड' यांतही गफलत होते. पहिल्यात फक्त तबली अखंड, बाजू आणि पाठ प्लायच्या. मला यात काहीच वावगं वाटत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते तबलीत घालावेत. ज्या पाटीवर नुसतं 'महोगनी' लिहिलंय तिथे प्लाय समजून चाला. खात्री करायची तर मधल्या गोल छिद्राची कड बघा. वरच्या पृष्ठावरच्या रेषा कडेवरून आत तशाच उतरल्या तर लाकूड अखंड, कडेला थर दिसले तर प्लाय. कडेला नक्षी चिकटवली असेल तर हे कळत नाही. मग माठ घेताना मारतो तशी टिचकी घोडीजवळ मारा, तारा हाताने दाबून. 'डुम्' असं भरीव काही आलं तर तबली जिवंत आहे. 'टक्' आलं तर ते टेबल आहे.

कोआ विरुद्ध महोगनी हा वाद पाच ओळींत उरकतो. कोआ जरा चमकदार, महोगनी जरा मऊ, असं म्हणतात आणि सर्वसाधारणपणे ते खरंही आहे. पण एकाच जातीच्या दोन झाडांतही तेवढा फरक निघतो. कोआ हवाईतच उगवतो. १८७९ मध्ये मादेइरा या पोर्तुगीज बेटावरून होनोलुलूला उतरलेल्या सुतारांनी हे वाद्य घडवलं, ते हाताशी असलेल्या कोआत. 'अस्सल हवाईयन आवाज' कोआचा वाटतो तो आपल्या कानांना झालेल्या सवयीमुळेही. कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याच अकेशिया कुळातली, हे कोआवाल्यांना सांगून बघा. आणि आपण ज्याच्या फळ्या-खोकी करतो त्या आंब्याच्या लाकडाचे सुंदर उकुलेले हवाईत होतात.

पाठीच्या लाकडावरून वाद घालणाऱ्यांसाठी एकच दाखला. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारींचा प्रयोग प्रसिद्ध केला. बांधणी एकसारखी, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. त्यात आपली शिसवीही होती. लाकूड दिसू न देता ५२ वादकांनी त्या वाजवल्या आणि त्यांना फारसा फरक सांगता आला नाही. प्रयोग गिटारीचा आहे, पण उकुलेलेच्या पाठीसाठी जादा पैसे मोजताना मला तो आठवतो.

उरलं माप. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर (लहानाकडून मोठ्याकडे) हे गायकांच्या पट्ट्यांसारखे खालच्या-वरच्या सुरांचे नसतात. तिन्ही एकाच जी-सी-ई-ए सुरांत लावतात. वेगळा फक्त बॅरिटोन, तो गिटारच्या खालच्या चार तारांसारखा लागतो (खालच्या म्हणजे बारीक, वाजवताना जमिनीकडे असतात त्या). फरक पडतो तो तारेच्या लांबीने. कॉन्सर्टची सुमारे १५ इंच, टेनरची १७. तीच तार त्याच सुरात लावायची तर टेनरवर ताण पाव पटीहून जास्त लागतो. मोठ्या पोटात हवा जास्त, म्हणून खर्जही भरतो. कमरेला खाच नसलेला अननसाच्या आकाराचा उकुलेले होनोलुलूच्या सॅम कामाका या कारागिराने १९२० च्या दशकात आणला. त्यातही तेच, थोडी जास्त हवा. बाकी आकार मांडीवर कसा बसतो एवढाच प्रश्न.

मी स्वतः महोगनीच्या अखंड तबलीचा कॉन्सर्ट वाजवतो आणि दुसरा घेणार नाही. पण रत्नागिरीत राहणाऱ्या मित्राला मी प्लायचाच घ्यायला लावला. पावसाळ्यात अखंड लाकूड दमट हवेने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि त्याच्या घरी वाद्य खोक्यात ठेवायची शिस्त नाही. खिडकीत टांगतो. कारखान्यातून आलेल्या तारा काढून चांगल्या घातल्या, आणि त्या प्लायचा आवाज पाटी बदलून कधीच सुधारला नसता तेवढा सुधारला.