लिव्हिंग विल वेगळं, मनाच्या आजारासाठीचा आगाऊ निर्देश वेगळा

माझी आत्या डिचोलीला राहते. तिला बरीच वर्षं बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी फार खचतं असा आजार. बरी असते तेव्हा घर, कुळागर, सुपारीचा हिशेब सगळं तीच बघते. मे २०२४ च्या अखेरीस न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यातलं पहिलं लिव्हिंग विल नोंदवलं, म्हणजे शेवटच्या आजारात यंत्रांवर जगवावं की नाही हे आधीच लिहून ठेवणारा कागद. ती बातमी वाचून आत्याने मला फोन केला. "मलाही असं लिहून ठेवायचंय. पुन्हा बिघडले तर माझं काय करायचं ते."

आम्ही लिव्हिंग विलचा नमुना मिळवला, दोन साक्षीदार नेले, नोटरीचा शिक्का घेतला. पुढच्या पावसात ती खरंच बिघडली. रुग्णालयात मी तो कागद पुढे केला. डॉक्टरबाईंनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "यात व्हेंटिलेटरबद्दल आहे, नळीतून अन्न देण्याबद्दल आहे. आज यांना जे लागणार त्याबद्दल एक ओळही नाही." चूक आमची होती. पण ती चूक कुणाचीही होईल, कारण इंग्रजीत दोन्ही कागदांना 'अ‍ॅडव्हान्स डिरेक्टिव्ह' हेच नाव चालतं.

लिव्हिंग विल आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालातून. २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी झाली. दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि माणूस स्वतः निर्णय सांगू शकत नाही, तेव्हाच ते उघडायचं. डॉक्टरांच्या दोन मंडळांनी होकार दिल्यावर यंत्रं काढता येतात.

आत्याला हवा होता तो दुसरा कागद. तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधून येतो. कोणत्याही सज्ञान माणसाला तो लिहिता येतो, पूर्वी मनाचा आजार झालेला असला तरीही. माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे तीन विषय त्यात येतात. "अमक्या इंजेक्शनने माझी मान आखडते, ते टाळा", "लिथियमच्या गोळ्या आपणहून बंद करू नका", "मला विजेचा शॉक नको" असं अगदी नेमकं लिहिता येतं. आणीबाणीच्या उपचारांना मात्र तो लागू नाही. पण आणीबाणीचं नाव सांगून शॉक देता येत नाही, तेही याच कायद्यात आहे.

माझ्या मते खरा फरक पुढे आहे. लिव्हिंग विल लिहिणारा माणूस त्या अवस्थेतून परत येणार नसतो. मनाच्या आजारातून मात्र माणूस परत येतो. पंधरा-वीस दिवसांनी आत्या घरी येणार, आणि आपण तिच्याशी काय केलं ते तिला आठवणार. म्हणून हा कागद पाळणं जास्त कठीण आहे. व्हेंटिलेटरवरचा माणूस विरोध करत नाही. आत्या करते. समजा, बरी असताना तिने "मला दाखल करा" असं लिहिलेलं, आणि आज ती दाराची चौकट धरून "नाही येणार" म्हणते. खरी आत्या कोणती?

कायदा इथे एकच प्रश्न विचारतो: निर्णय घेण्याची क्षमता आज आहे का? असेल, तर तिचा आजचा शब्द कागदाच्या वर. नसेल, तर कागद बोलतो आणि क्षमता परत येईपर्यंतच बोलतो. निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं धरता येत नाही, हे कायद्याने स्पष्ट म्हटलंय. हे वाक्य प्रत्येक घरातल्या माणसांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण सगळे तिथेच घसरतो. "ती ऐकत नाही" म्हणजे "तिला कळत नाही" असं आपण धरून चालतो. डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना कागद पाळायचा नसेल, तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. मंडळ बघतं की हे स्वखुशीने लिहिलं होतं का, पुरेशी माहिती घेऊन लिहिलं होतं का, आणि आजच्या परिस्थितीसाठीच लिहिलं होतं का.

आत्या बरी झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी औषधांची नावं तिच्या डॉक्टरांना विचारून लिहिली. मग प्रतिनिधीचा रकाना आला. तो नातलगच असावा असं बंधन नाही, हे मी तिला सांगितलं. तिने शेजारच्या बाईंचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घातलंच नाही.

"तुझे बाबा मला बघून रडतात," ती म्हणाली, "आणि मग माझं ऐकतात. त्या वेळी माझं ऐकायचं नसतं."