पिशवी काढली, मग गाठी का काढल्या?

मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून जत-कवठेमहांकाळचे आणि पार अथणीकडचे पेशंट इथं येतात. तिथल्याच एका ओपीडीबाहेर भेटलेल्या जतच्या मावशींना सुजलेल्या डाव्या पायात चप्पल घालता येत नव्हती, पट्टा कापून घेतला होता. पाळी गेल्यावर परत अंगावर जायला लागलं, तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. ‘पिशवी काढली ते कळलं, पण गाठी कशाला काढल्या?’

हा प्रश्न डॉक्टरांनाही जुनाच. १९७१ च्या पद्धतीत स्टेज, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते, ऑपरेशनआधीच ठरे. पिशवीत सळई घालून लांबी मोजायची, ८ सेंटिमीटरच्या आत की बाहेर, आणि खरवडून काढलेल्या तुकड्यावरून ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडल्यात ते: एक सौम्य, तीन सगळ्यात वाईट. अंगातला लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या लसिका ग्रंथींचा, म्हणजे मावशींच्या ‘गाठीं’चा, पत्ताच नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेत ६२१ बायकांचा अभ्यास छापून आला. वरवर पाहता कॅन्सर पिशवीतच होता, तरी सुमारे ९ टक्के जणींच्या ओटीपोटातल्या ग्रंथींत तो पोचलेला. पण सगळ्यांना धोका सारखा नव्हता. ग्रेड एक आणि अस्तरापुरताच असेल तर जवळपास शून्य. ग्रेड तीन आणि स्नायूत खोल रुजलेला असेल तर तिघींत एक. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, स्टेज ऑपरेशननंतर ठरवायचा नियम आला आणि ग्रंथी सर्रास निघू लागल्या. माझ्या मते अर्धाच धडा घेतला गेला.

२००० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी उलटा हिशोब मांडला: ग्रेड एक किंवा दोन, स्नायूत रुजल्याची खोली निम्म्याच्या आत, कॅन्सरची गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, तर ग्रंथींना हात लावायची गरज नाही. त्यासाठी पिशवी निघताच ती कापून खोली सांगणारा पॅथॉलॉजिस्ट थिएटरशेजारी हवा. बायोप्सीतला ग्रेड पुष्कळदा बदलतो, एमआरआयही खोलीला चकतो. २००८ आणि २००९ मध्ये इटली व ब्रिटनमधल्या चाचण्यांनी सांगितलं, सुरुवातीच्या स्टेजला सरसकट ग्रंथी काढून आयुष्य वाढत नाही. पायाची सूज मात्र मागे राहते.

मग हिरवा रंग आला. गर्भाशयाच्या तोंडाशी टोचायचा, खास कॅमेऱ्यात तो ज्या ग्रंथीत आधी उतरतो तेवढीच काढायची. २०१७ च्या अमेरिकन अभ्यासात, रंग नीट उतरला तिथं पसरलेल्या १०० पैकी ९७ केसेस या पद्धतीनं सापडल्या. २०२३ च्या स्टेजिंगमध्ये कॅन्सरच्या गाठीतल्या जनुकांचाही विचार शिरला आहे.

मावशींच्या रिपोर्टात लिहिलंय: ग्रेड एक, वरवरचा, काढलेल्या ग्रंथी २२, सगळ्या निगेटिव्ह.