तारीख उलटणे आणि मुदत उलटणे

"तारीख उलटली" आणि "मुदत उलटली" ही दोन विधाने आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात. फाइलवर लिहिलेला प्रसूतीचा अपेक्षित दिवस कळा न येताच मावळला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरातले चेहरे गंभीर होतात, नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "काय गं, मोकळी झालीस का?" असे विचारले जाते, आणि जिचे सारे काही सुरळीत चालले आहे ती स्त्री आपल्या शरीरात काहीतरी बिघडले असावे असे समजून रात्र जागून काढते. पुण्यात गर्भवतींचे वर्ग घेताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे की त्यामागचा घोळ एकदा नीट सोडवून लिहावा असे मला वाटते. तारीख उलटणे ही अगदी सर्वसामान्य बाब आहे, तर मुदत उलटणे ही डॉक्टरांनी सहसा येऊ न देण्याची अवस्था आहे, आणि या दोहोंमध्ये पूर्ण दोन आठवड्यांचे अंतर आहे.

तारीख कशी काढतात हे बहुतेकींना ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात सांगते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजले जातात. त्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले तरी जवळपास तेच उत्तर येते. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रांझ नेगेले यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. आपल्या आज्या "नऊ महिने नऊ दिवस" म्हणत आल्या, तो हिशेबही तिच्यापासून दोनच दिवस लांब आहे.

खरा गोंधळ याच्या पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवडे पूर्ण होईपर्यंत कधीही जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांचेच असते. शेवटची पाळी १ जानेवारीला आली असे धरा. तारीख ८ ऑक्टोबर निघते. पण पूर्ण दिवसांचा काळ १७ सप्टेंबरलाच सुरू झालेला असतो, आणि ४२ आठवडे भरतात ते २२ ऑक्टोबरला. नेमक्या ठरलेल्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात, आणि पहिलटकरणींच्या बाबतीत चार दिवस इकडचे तिकडे होण्याची शक्यता अधिकच असते. हवामान खात्याने पुण्यासाठी मोसमी पावसाची जी सरासरी तारीख ठरवली आहे, तिच्या दुसऱ्या दिवशी आभाळ कोरडे दिसले म्हणून कोणी दुष्काळ जाहीर करीत नाही. प्रसूतीच्या तारखेकडेही तितक्याच समजुतीने पाहायला हवे.

अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये या काळाचे अधिक बारीक टप्पे पाडले, आणि मला ते घराघरात माहीत व्हावेत असे वाटते. त्या वर्गवारीनुसार ३९ आठवड्यांपासून ४० आठवडे ६ दिवसांपर्यंतचा काळ ही पूर्ण मुदत होय. ४१ आठवड्यांपासून ४१ आठवडे ६ दिवसांपर्यंत लांबलेली मुदत, आणि ४२ आठवडे पूर्ण झाल्यावर मुदतीपलीकडचे गरोदरपण. म्हणजे ज्या स्त्रीला "चार दिवस वर गेले" म्हणून घाबरवले जाते, ती वैद्यकीय भाषेत अजून पूर्ण मुदतीच्या आतच असते. हे एवढे एक वाक्य सासूबाईंना आणि आईला समोर बसवून समजावले तरी घरातील निम्मी धास्ती कमी होते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न: मोजायची ती तारीख कोणती? हाच मुद्दा सर्वाधिक चुकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. २८० दिवसांचा हिशेब पाळी २८ दिवसांनी येते असे गृहीत धरतो. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिला गर्भ साधारण आठवडाभर उशिरा राहतो, त्यामुळे वरच्या उदाहरणात तिची तारीख ८ ऑक्टोबर नसून १५ ऑक्टोबर असायला हवी. तिच्या फाइलवर पाळीचीच तारीख राहिली असेल, तर १२ ऑक्टोबरला सगळे घर काळजीत असते आणि तिची खरी तारीख मुळात उलटलेलीच नसते. म्हणून सुरुवातीची, साधारण १४ आठवड्यांच्या आतली सोनोग्राफी फार मोलाची असते. त्या वयात सगळ्या बाळांची वाढ जवळपास सारख्याच वेगाने होते, त्यामुळे डोक्यापासून पार्श्वभागापर्यंतच्या लांबीवरून काढलेले वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. पाळीची तारीख आणि ही तारीख यांत साधारण आठवड्याहून जास्त अंतर असले तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात, आणि एकदा ठरलेली तारीख पुढे बदलत नाहीत.

पण त्यानंतरच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या अहवालावर यंत्र स्वतःहून एक नवी ईडीडी, म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख, छापते, आणि तिथे घोटाळा होतो. ते यंत्र त्या दिवशीच्या बाळाच्या मापांवरून तारीख काढत असते, आणि शेवटच्या तिमाहीत तिच्यात तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. नवव्या महिन्यात माप कमी आले तर अहवालावर पुढची तारीख उमटते, आणि कुटुंब आनंदाने म्हणते, "बघा, डॉक्टरांनीच तारीख पुढे दिली, अजून वेळ आहे." माझ्या मते ही या संपूर्ण विषयातील सर्वांत घातक समजूत आहे, कारण माप कमी येण्याचा एक अर्थ बाळाची वाढ पुरेशी होत नाही असाही असू शकतो, आणि अशा बाळाच्या बाबतीत तर थांबायला वेळ कमी असतो. उलट बाळ अंगाने भरलेले असेल तर तारीख अलीकडे दिसते आणि तिच्या हिशेबाने विनाकारण धावपळ सुरू होते. अहवालांची चळत घेऊन त्यातील सोयीची तारीख निवडू नये. पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्यावी आणि बाकीच्या तारखांकडे पाहूच नये, असा माझा आग्रह असतो.

तारीख पक्की असली की पुढचा हिशेब सोपा होतो. ४० आठवड्यांनंतर डॉक्टर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बोलावतात, पट्टे बांधून बाळाच्या हृदयाचे ठोके तपासतात, सोनोग्राफीत गर्भजल पाहतात, आणि गर्भपिशवीचे तोंड किती मऊ झाले आहे याचा अंदाज घेतात. ४१ आठवड्यांनंतर वारेची क्षमता कमी होण्याची, गर्भजल घटण्याची आणि बाळाने पोटातच शी करण्याची शक्यता वाढत जाते. एकूण धोका तेव्हाही थोडाच असतो, पण तो वाढता असतो. स्वीडनमध्ये ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणणे आणि ४२ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबणे यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात दहा हजार स्त्रिया घेण्याचे ठरले होते, पण २७६० स्त्रियांनंतरच तो थांबवण्यात आला, कारण थांबलेल्या गटात सहा बाळे दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गरोदरपणाचे ४१ आठवडे खात्रीने पूर्ण झाले आहेत तिथे कळा सुरू करून द्याव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते, आणि त्यातील "खात्रीने" हा शब्द वर सांगितलेल्या पक्क्या तारखेमुळेच महत्त्वाचा आहे. मधुमेह, रक्तदाब, जुळी किंवा वाढ कमी असलेले बाळ असेल तर यांतील कोणताही हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे डॉक्टर सांगतील तोच दिवस.

कळा आणण्याचे औषध म्हणजे सिझर ठरलेलेच, ही समजूतही सोडून द्यावी. त्याच स्वीडिश अभ्यासात दोन्ही गटांतील सिझेरियनचे प्रमाण सारखेच होते. खोट्या कळा आणि खऱ्या कळा यांवर तर इतके लिहिले गेले आहे की मी एकाच ओळीत सांगते: चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर ज्या थांबतात त्या खोट्या, आणि ज्या ठरावीक अंतराने येत राहून अधिकाधिक जवळ व तीव्र होत जातात त्या खऱ्या.

मात्र एका गोष्टीबाबत मी कोणतीही तडजोड मानत नाही. "दिवस भरत आले की बाळ कमी हलते, जागा कमी पडते ना" हे वाक्य आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते आणि ते चुकीचे आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी वळवळ आणि ढकलणे जास्त जाणवते, परंतु हालचाली कमी होत नाहीत. कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही बाळ हलत राहते. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजावे, आणि दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये, पुढच्या तपासणीची तारीख पाहू नये, घरी आणलेल्या छोट्या यंत्रावर ठोके ऐकून समाधान मानू नये. पाणमोट फुटून पाणी गेले, विशेषतः ते हिरवट असले, किंवा अंगावरून रक्त गेले तरीही असेच करावे. वाहन मिळत नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

तारीख उलटल्यावर आशा कशी टिकवायची, हा प्रश्न मला इथेच सुटताना दिसतो. तारखेवर आशा ठेवली की ती तारखेबरोबरच संपते. बाळाच्या रोजच्या हालचालींवर, चांगल्या आलेल्या तपासणीवर आणि ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर काय करायचे हे आधीच ठरलेले आहे या जाणिवेवर ती ठेवली तर प्रत्येक नवा दिवस तिला आधार देतो. त्यासाठी नातेवाइकांना तारीख सांगूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. "ऑक्टोबरच्या मध्यावर" एवढे उत्तर पुरेसे असते. डोहाळजेवणाला आलेल्या प्रत्येकीला नेमका दिवस सांगून ठेवला की त्या दिवसानंतर प्रत्येक फोन ही एक चौकशी होऊन बसते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीचे फोन या दिवसांत आईने किंवा भावाने घ्यावेत. हे काम लहान दिसते, पण तिच्या मनाला त्याने खरी विश्रांती मिळते.

एरंडेल पाजण्याचा सल्ला आजही दिला जातो, आणि मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे: त्याने जुलाब आणि मळमळ होऊन स्त्री नेमकी कळांच्या तोंडावर थकून जाते. चालायला हरकत नाही, सारसबागेत संध्याकाळी सावकाश फिरल्याने मन नक्कीच हलके होते, पण जिने चढून कळा येत नाहीत. अमावस्या टाळण्यासाठी किंवा मुहूर्त साधण्यासाठी तपासणी किंवा औषध पुढे-मागे करणे हे मला कोणत्याही घरात मान्य होत नाही. परदेशातील बहिणीला कळांसाठी किती दिवस थांबवले याच्याशीही तुलना करू नये. तिची तारीख, तिची तब्येत आणि तिथली तपासणीची रीत वेगळी असते.

४० आठवडे पूर्ण होण्याच्या आधीच्या तपासणीला जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: माझी पक्की तारीख कोणती धरली आहे आणि ती कशावरून, ४० आठवड्यांनंतर मला किती दिवसांनी बोलावणार, तोवर कळा आल्या नाहीत तर कोणत्या दिवशी आणि कोणत्या पद्धतीने कळा आणणार, आणि रात्री हालचाल कमी वाटली तर कोणत्या क्रमांकावर फोन करून कोणत्या दाराने आत यायचे. उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्यावीत आणि सोबत येणाऱ्या माणसाला वाचून दाखवावीत. प्रसूती गणेशोत्सवाच्या आसपास असेल तर विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतील रस्ते बंद असताना रुग्णालयाकडे कोणत्या वाटेने पोहोचायचे, हा पाचवा प्रश्न घरी बसून आधीच सोडवून ठेवावा.