ब्रशलेस कॉर्डलेस हत्यारांचा आवाज

बॅटरीवर चालणारी आणि कार्बन ब्रश नसलेली ड्रिल, ग्राइंडर, गोल करवत, इम्पॅक्ट ड्रायव्हर ही हातातली हत्यारे किती आवाज करतात, तो कुठून येतो आणि कानांना किती बाधतो, याची ही नोंद. ब्रशलेस म्हणजे कमी आवाजाचे हा समज फक्त मोटरपुरता खरा आहे. एकूण आवाजात मोटरचा वाटा बहुधा लहान असतो. मोठा वाटा गिअर, पंखा, आघाताची यंत्रणा, पाते आणि ज्यावर काम चालले आहे त्या वस्तूचा.

ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बनचे तुकडे (ब्रश) फिरत्या कम्युटेटरवर, म्हणजे वेटोळ्यांना वीज देणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, घासतात आणि त्यातून खरखर निघते. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक रोटरवर (फिरता भाग) आणि वेटोळी स्टेटरवर (स्थिर भाग) असतात. कोणत्या वेटोळ्यात केव्हा प्रवाह सोडायचा हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. खरखर जाते, पण एक बारीक सूर येतो. वेग कमी-जास्त करण्यासाठी नियंत्रक प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडतो-तोडतो आणि वेटोळी थरथरतात. ट्रिगर किंचित दाबल्यावर चक (बिट पकडणारा जबडा) फिरण्याआधीच ऐकू येतो तो हाच सूर. तो बिघाड नव्हे. प्रवाह सहा टप्प्यांत बदलणाऱ्या नियंत्रकापेक्षा तो साइन लहरीप्रमाणे देणाऱ्या नियंत्रकावर मोटर अधिक शांत चालते.

हा फरक कामाच्या वेळी का जाणवत नाही, हे डेसिबलच्या बेरजेतून कळते. डेसिबल हे लॉगरिथमी माप आहे, त्यामुळे आकडे साधे मिळवता येत नाहीत. 75 डेसिबलची मोटर आणि 97 डेसिबलचा आघात एकत्र ऐकले तर बेरीज 97.03 भरते, मोटर पूर्ण बंद मानली तरी 97 उरतात. साध्या ड्रिल-ड्रायव्हरमध्ये आघात नसतो, म्हणून तिथे ब्रशलेसचा फायदा खरोखर ऐकू येतो. त्याची पातळी वापरणाऱ्याच्या कानाशी साधारण 70 ते 80 डेसिबल (ए) असते; ‘ए’ म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार देऊन मोजलेले. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये हातोडी ऐरणीवर मिनिटाला 3,000 ते 4,000 वेळा आदळते आणि पातळी 90 ते 100 च्या घरात जाते. हीच आपटणी तेलातून होते अशा हायड्रॉलिक प्रकारात धातू धातूवर थेट आदळत नाही आणि आवाज स्पष्टपणे उतरतो. शांत हत्यार हवे असेल तर ‘ब्रशलेस’ या शब्दापेक्षा हा फरक जास्त मोलाचा आहे.

गोल करवतीचा आवाज पात्याचा. 24 दात्यांचे पाते मिनिटाला 5,000 फेरे घेते तेव्हा सेकंदाला 2,000 दाते लाकडावर येतात, आणि कान ज्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो त्याच्या तोंडाशीच हा सूर पडतो. रिकामे पातेही हवेत शिट्टी घालते. काँक्रीटमध्ये दातेरी चकत्यांचे हॅमर ड्रिल आणि हवेच्या दट्ट्याचे रोटरी हॅमर या दोन्हींचा आवाज मोठाच, पण रोटरी हॅमर तेच भोक फार कमी वेळात पाडते. कानाला होणारी इजा पातळी आणि वेळ या दोन्हींवर ठरते, म्हणून ते अधिक बरे.

माहितीपुस्तिकेत विद्युत हत्यारांसाठीच्या आयईसी 62841 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन आकडे छापलेले असतात. ध्वनिदाब पातळी म्हणजे वापरणाऱ्यापाशी पोहोचणारा आवाज. ध्वनिशक्ती पातळी म्हणजे हत्यार चोहीकडे सोडते ती एकूण ध्वनिशक्ती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बहुधा 8 किंवा 11 ने मोठा असतो. एका हत्याराचा दाब आणि दुसऱ्याची शक्ती शेजारी ठेवून केलेली तुलना साफ चुकते, आणि ही चूक वारंवार होते. शेजारी अनिश्चितता म्हणून बहुधा 3 डेसिबल दिलेले असतात. ते मिळवूनच आकडा वाचावा. काही हत्यारांची मोजणी रिकामी फिरवून होते, काहींची काम करताना, त्यामुळे छापील आकड्याहून प्रत्यक्ष आवाज जास्त भरू शकतो. पातळ पत्रा कापताना पत्राच भोंग्यासारखा वाजतो.

अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस 85 डेसिबल (ए) ला 8 तास अशी आहे. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 94 ला 1 तास, 100 ला 15 मिनिटे. 100 डेसिबलच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने प्रत्येकी 3 सेकंदांचे 100 स्क्रू बसवले तर 5 मिनिटे होतात, म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश वाटा संपला. युरोपीय संघात 80 ला श्रवणरक्षक उपलब्ध करून देणे आणि 85 ला ते वापरणे बंधनकारक आहे. 30 डेसिबल रोखणारा रक्षक कामाच्या फक्त 10 टक्के वेळ काढून ठेवला तरी प्रत्यक्ष संरक्षण सुमारे 10 डेसिबलवर येते. फोमचा प्लग घट्ट वळावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा; बाहेरच फुगलेला प्लग फारसे काही रोखत नाही.

स्वतः मोजायचे तर वर्ग 2 चा ध्वनिमापक ए-भारित ठेवून मायक्रोफोन कानापासून सुमारे 10 सेंटिमीटरवर धरावा. परिसराचा आवाज हत्यारापेक्षा किमान 10 डेसिबल कमी हवा. फोनचे मायक्रोफोन मोठ्या आवाजाला स्वतःच दाबतात, म्हणून करवतीचा आकडा त्यांवर फसवा येतो.

आवाज उतरवण्याचे स्वस्त उपाय पात्यात आणि पकडीत आहेत: धारदार पाते, खाचा भरलेली शांत पाती, पत्र्याखाली रबर व घट्ट शिकंजा, आणि स्क्रूला पुरेल तेवढाच वेग. एरवी सारखा वाजणारा आवाज बदलला तर कारण शोधावे. सतत घरघर बेअरिंग झिजल्याची. वेग बदलल्यावर उठणारी करकर गिअरमधले ग्रीस सुकल्याची. सुरू होताना थरथर आणि झटके बहुधा हॉल सेन्सर (रोटरची स्थिती ओळखणारा) किंवा एका फेजची, म्हणजे वेटोळ्यांच्या एका गटाची, जोडणी तुटल्याचे. ग्राइंडरमध्ये घासल्याचा आवाज आला तर रोटरच्या चुंबकांना चिकटलेला लोखंडी कीस पाहावा.