चायना ग्रास वेगळं, कॅरागीनन वेगळं

जांभळी नाक्यावर खरवसासाठी चायना ग्रास घेत होते, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, तुझ्या भावाने जर्मनीहून सर्दीचा स्प्रे आणलाय ना, त्यात हेच असतं म्हणे. मग खीर करून खाल्ली तर नाही का चालणार?"

पाकिटातले ते वाळक्या गवतासारखे पांढरट दोरे म्हणजे अगार. मी ठाण्यात प्रयोगशाळेत रोज जंतू वाढवायला त्याच्याच प्लेट ओतते. स्प्रेमध्ये असतं ते कॅरागीनन. दोन्ही लाल समुद्री शेवाळातून निघतात, दोन्हींची शेवाळं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मिळतात आणि दोन्ही मुळात गॅलेक्टोज साखरेच्या लांबलचक साखळ्या. त्यामुळे काकूंची गल्लत अगदी साहजिक आहे.

फरक पडतो तो सल्फेटमुळे, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनच्या छोट्या गटामुळे. अगारमध्ये ते नावापुरतं. कॅरागीननमध्ये मात्र साखरेच्या दर जोडीला कप्पा प्रकारात साधारण एक, आयोटामध्ये दोन, लॅम्डामध्ये तीन सल्फेट लटकलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. आपल्या पेशींच्या बाहेरही हेपरान सल्फेट नावाची अशीच साखळी असते. बरेच विषाणू आधी तिला चिकटतात, मग आत शिरतात. वाटेत कॅरागीनन भेटलं की विषाणू त्यालाच चिकटून बसतो.

अगार जंतूंना असं काही करत नाही, उलट त्यांना वाढायला जागा देतं. १८८१ मध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवत, पण ते ३७ अंशांना वितळायचं, काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. ते साधारण ८५ अंशांना वितळतं, ४० च्या आसपास घट्ट होतं आणि बहुतेक जंतूंना पचत नाही. आजही प्लेट ओतताना मला या बाईंची आठवण येते.

आता औषधाचं. आयोटा-कॅरागीननचा नाकातला स्प्रे अर्जेंटिनात कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या ३९४ आरोग्य कर्मचाऱ्यांवर तपासला गेला. स्प्रेच्या गटात २ जणांना कोविड झाला, नुसत्या मिठाच्या पाण्याच्या गटात १० जणांना. आकडे आशादायक आहेत, पण एकूण १२ रुग्णांवर मी मोठा दावा करणार नाही. कारण दक्षिण आफ्रिकेत ६,००० हून अधिक स्त्रियांवर कॅरागीननचं जेल एचआयव्ही रोखण्यासाठी तपासलं, तेव्हा २००८ मध्ये निकाल आला की त्याने संसर्ग थांबत नाही. प्रयोगशाळेत मात्र ते चांगलं चाललं होतं. अर्थात, ते जेल निम्म्याहून कमी वेळा वापरलं गेलं होतं, हेही खरं.

काकूंच्या खिरीचं उत्तर मात्र सरळ आहे. खिरीत अगार आहे, कॅरागीनन नाही. आणि कॅरागीनन असतं, तरी एवढी मोठी साखळी आतड्यातून रक्तात उतरत नाही, मग नाकापर्यंत पोचणार कुठून? कॅरागीनन तर आपण चॉकलेट दुधातून कधीचं पितोय. पाकिटावर बारीक अक्षरात आयएनएस ४०७ हा खाद्य-घटकाचा क्रमांक दिसला, तर ते कॅरागीनन. ४०६ असेल, तर अगार.